पाहुणी, मित्र, मुलगा : अमेरिकन दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांतील अपंग व्यक्तिरेखा

अपंगत्व आणि विनोद यांचा संबंध जुना आहे, आणि तो बहुधा अपंगाला मारक ठरलेला आहे. तोतरा, बहिरा, लंगडा ही पात्रे प्रहसनात हशा पिकविण्यासाठी आणली जात. पुढे अशा थट्टेविषयी संकोच उत्पन्न झाला आणि तिची जागा करुणेने घेतली. हा बदल म्हणजेच प्रगती, असे सामान्यतः मानले जाते. परंतु अमेरिकन दूरचित्रवाणीवरील मालिकांचा क्रम पाहिला असता करुणा हा केवळ मधला मुक्काम होता, असे दिसून येते. अपंग व्यक्तीविषयी किती कळवळा दाखविला, यापेक्षा तिला घरात कोणते नाते मिळाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

या क्रमाचा आरंभ १९८० साली झाला, असे म्हणावयास हरकत नाही. जेरी ज्युएल ही रंगमंचावर एकटीने विनोद सादर करणारी कलावती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचालींवरील ताबा कमी करणारा मेंदूचा विकार होता. निर्माते नॉर्मन लिअर यांनी तिचा कार्यक्रम पाहिला आणि ‘द फॅक्ट्स ऑफ लाइफ’ या मालिकेत तिला भूमिका मिळाली. मुलींच्या निवासी शाळेतील या कथेत ती ब्लेअर नावाच्या विद्यार्थिनीची चुलतबहीण म्हणून येते. स्वतःच्या अपंगत्वावरील विनोद ती स्वतःच करी. हशाचे सूत्र अपंग व्यक्तीच्या हाती येणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. तथापि १९८४ पर्यंत ती सुमारे डझनभर भागांतच दिसली. ती पाहुणी होती. येई, इतरांना काही शिकवी आणि निघून जाई.

मुलाचे नाते १९८९ साली ‘लाइफ गोज ऑन’ या मालिकेने दिले. तीत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची भूमिका, तोच विकार असलेल्या क्रिस बर्क यांनी केली. परंतु मालिकेची प्रकृती मुख्यतः गंभीर होती. २००० साली सुरू झालेल्या ‘माल्कम इन द मिडल’ या विनोदी मालिकेत चाकांच्या खुर्चीत बसणारा, एकेका शब्दाला धाप लागणारा स्टीव्ही हा नायकाचा मित्र आहे. तो बुद्धिमान आहे, खोडकरही आहे. म्हणजे करुणेतून तो सुटला आहे. मात्र घर त्याचे नाही, आणि ती भूमिका करणारा नटही अपंग नव्हता.

विनोदी मालिकेतील घराच्या मध्यभागी अपंग मुलगा आला तो ‘स्पीचलेस’ या मालिकेत. एबीसी वाहिनीवर २१ सप्टेंबर २०१६ रोजी ती सुरू झाली. निर्माते स्कॉट सिल्व्हेरी यांच्या भावालाच सेरेब्रल पाल्सी होती. डिमिओ कुटुंबातील थोरला मुलगा जे. जे. बोलू शकत नाही. डोक्यावर बसविलेल्या लेझरचा ठिपका तो फळ्यावरील अक्षरांवर आणि शब्दांवर नेतो. ते शब्द दुसरा कोणी तरी मोठ्याने वाचतो. मायका फाउलर या नटालाही हाच विकार आहे.

पहिल्या भागातील एक प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. अमेरिकेत १९९० साली झालेल्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी अपंगांना प्रवेशाची सोय देणे बंधनकारक केले होते. त्यानुसार जे. जे.च्या नव्या शाळेत उतरंड आहे. पण ती कचरा बाहेर नेण्याची. आई माया त्यावर भांडण मांडते. कायद्याचे अक्षर पाळले गेले, पण माणूस आणि कचरा एकाच वाटेने नेले गेले. पाव शतकाच्या कायद्याचा आढावा घेणाऱ्या एखाद्या प्रबंधाला जे सांगण्यास अनेक पृष्ठे लागतील, ते येथे एका हास्यप्रसंगात सांगितले आहे. शाळेचे गोड वागणेही मालिकेने सोडलेले नाही. जे. जे.ची ओळखही झालेली नसताना त्याचे अतिउत्साहाने कौतुक होते. येथे हसू येते ते त्याच्यावर नव्हे, तर त्याच्यापुढे विरघळणाऱ्यांवर.

घरात मात्र त्याला कसलीही सूट नाही. तो खोड्या काढतो, स्वार्थीपणा करतो. त्याच्या सोयीसाठी वारंवार घर बदलावे लागते, याबद्दल धाकटा भाऊ रे याची तक्रार आहे, आणि मालिका ती तक्रार न्याय्य मानते. अपंग मुलाच्या भावंडांना राग येऊ शकतो, हे करुणेच्या कथांत सांगता येत नव्हते.

उणीव दाखवावयाची तर ती आवाजाची. शाळेने दिलेल्या मदतनीस बाईचा गोड स्वर जे. जे.ला नकोसा होतो. शाळेच्या आवाराची निगा राखणारा केनेथ याला तो आपला आवाज म्हणून निवडतो. निवड त्याची, पण कंठ दुसऱ्याचा. अक्षरे जुळविण्यास लागणारा वेळ विनोदाच्या गतीला परवडत नाही, म्हणून बोलके काम निरोगी नटाकडे जाते. शिवाय फाउलर स्वतः बोलू शकतात. म्हणजे नट आणि पात्र यांचा विकार एक असला, तरी अनुभव एक नव्हता. ही मर्यादा भरून काढण्याचा प्रयत्न झाला, हेही नमूद केले पाहिजे : दुसऱ्या पर्वापासून लेखकवर्गात सेरेब्रल पाल्सी असलेले विनोदकार झॅक अॅनर होते.

१२ एप्रिल २०१९ रोजी, तीन पर्वे आणि ६३ भाग होऊन मालिका संपली. तिचा काळ अल्प होता. पण पाहुणी, मित्र आणि मुलगा या तीन पायऱ्यांचा अर्थ तिच्यामुळे स्पष्ट होतो. पाहुण्याशी आपण जपून वागतो, मित्राला मान देतो. भांडतो मात्र घरच्या माणसाशीच. ज्या दिवशी अपंग मुलाशी त्याच्या भावाने निःसंकोच भांडावे आणि प्रेक्षकांनी त्यावर मोकळेपणाने हसावे, त्या दिवशी तो घरचा झाला. हे नाते जुळण्यास १९८० पासून छत्तीस वर्षे लागली.