वाट पाहणाऱ्यांची वास्तू

इतिहासलेखनाची दृष्टी साधारणतः उंच वास्तूंकडे वळते. दुर्ग, देवालये, राजप्रासाद, पूल यांची वर्णने आपणांस ग्रंथोग्रंथी आढळतात. परंतु जो मनुष्य रस्त्याच्या कडेला गाठोडे खाली ठेवून गाडीची वाट पाहत उभा असतो, त्याच्या मस्तकावर छप्पर होते की नव्हते, आणि असल्यास ते कोणी घातले, याची नोंद करण्याचे कष्ट इतिहासकार क्वचितच घेतो. वस्तुतः वाटसरूचा निवारा हा विषय आपणांस परका नाही. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थमार्गांवर बांधविलेल्या धर्मशाळा व विहिरी आपण आजही आदराने दाखवितो. मोटारीच्या युगात त्या धर्मशाळेचे काम ज्या लहानशा वास्तूकडे आले, त्या बसथांब्याकडे मात्र कोणी त्या भावनेने पाहत नाही. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. एखाद्या समाजाची आपल्या सार्वजनिक वाहनाविषयी काय बुद्धी आहे, हे ठरविण्यास थांब्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. आणि या पुराव्याचे दोन मोठे संच सुदैवाने आपल्यासमोर आहेत, एक सोव्हिएत संघराज्याच्या विस्तीर्ण रस्त्यांवर व दुसरा आल्प्स पर्वतातील एका खेड्यात.

प्रथम सोव्हिएत थांब्यांविषयी. त्यांची जगास ओळख झाली ती एका सायकलस्वारामुळे. क्रिस्तोफर हर्विग हा कॅनडाचा छायाचित्रकार 2002 मध्ये लंडनहून सेंट पीटर्सबर्गपर्यंत सायकलीने निघाला. दर तासाला एक तरी चांगले छायाचित्र टिपावयाचे, असा नेम त्याने स्वतःस घालून घेतला होता. असा नेम केलेल्या माणसास ओसाड रस्त्यावर विषय कोठून मिळावेत? त्यास ते थांब्यांनी पुरविले. पुढे अनेक वर्षे तो पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांत हजारो किलोमीटर हिंडला आणि 2015 मध्ये त्याचा संग्रह पुस्तकरूपाने निघाला. त्यातील विविधता थक्क करणारी आहे. एस्टोनियात साध्या लाकडी बांधणीचे थांबे आहेत, आर्मेनियात काँक्रीटचे अवजड पंख पसरलेले आहेत, युक्रेन व मोल्दोवा यांत रंगीत फरश्यांच्या तुकड्यांची चित्रे भिंतींवर जडविलेली आहेत, तर किर्गिझिस्तानात तेथील पुरुषांच्या पांढऱ्या नमद्याच्या उंच टोपीच्याच आकाराचा थांबा उभा आहे. अब्खाझियाच्या काळ्या समुद्राकाठी पित्सुंदा या विश्रांतिस्थळाच्या परिसरात झुराब त्सेरेतेली या शिल्पकाराने शंखशिंपल्यांची व सागरी प्राण्यांची आठवण करून देणारे थांबे रचले. हाच त्सेरेतेली पुढे 1997 मध्ये मॉस्को नदीत पीटर बादशहाचा अवाढव्य पुतळा उभारून कीर्ती आणि अपकीर्ती या दोहोंचा धनी झाला. माझ्या मते त्याच्या हातून घडलेल्या कामांत ते लहान थांबेच अधिक रसिकतेचे आहेत.

ज्या राज्यात सर्व काही वरच्या आज्ञेने चालत असे, तेथे या थांब्यांसच एवढे स्वातंत्र्य कसे लाभले, असा प्रश्न सहजच उद्भवतो. नोव्हेंबर 1955 मध्ये ख्रुश्चेव्हच्या राजवटीत इमारतींवरील अनावश्यक अलंकरणाविरुद्ध हुकूम निघाला. त्यानंतर घरे ठरीव नमुन्याच्या भागांची, एकासारखी एक अशी बांधली जाऊ लागली, आणि वास्तुकाराच्या कल्पनाशक्तीस वाव उरला तो थांबे, कारंजी, बाके, गावाच्या वेशीवरील फलक अशा किरकोळ कामांत. सोव्हिएत परिभाषेत यांस वास्तूंची लहान रूपे असे म्हणत. लहान वस्तूकडे मोठ्या अधिकाऱ्याचे लक्ष नसते. जे थोर इमारतीत खपले नसते, ते रस्त्याच्या वळणावर खपून गेले. खाजगी मोटार ही तेथे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट असल्याने बस हेच खेड्यापाड्यांतील लोकांचे खरे वाहन होते. त्यामुळे वास्तुकारास प्रेक्षकांचीही वाण नव्हती.

परंतु या वैभवाची एक बाजू छायाचित्रांत दिसत असूनही रसिकांच्या ध्यानात येत नाही. कित्येक थांब्यांत वाऱ्यापावसापासून पुरते संरक्षण नाही. छप्पर आहे तर कडेची भिंत नाही, भिंत आहे तर तिच्यातच मोठी भोके ठेवलेली. कलावंतास आकार हवा होता, प्रशासनास रस्ता शोभिवंत हवा होता. बर्फात अर्धा तास उभ्या राहणाऱ्या बाईस काय हवे, हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत फारशी नव्हती. थांबा तिच्यासाठी होता, पण तिचा नव्हता. याचा परिणाम 1991 मध्ये संघराज्य कोसळल्यावर दिसून आला. पैसा आटला, पुष्कळ मार्गांवरील गाड्या घटल्या वा बंद पडल्या, अब्खाझियात तर 1992-93 मध्ये युद्धच झाले. आणि ते शंखशिंपले आपल्या जडावाचे खडे गाळीत जागच्या जागी राहिले. काही थांबे पाडले गेले, काहींस स्थानिक लोकांनी प्रेमाने रंग दिला, हेही सांगितले पाहिजे. तथापि एकंदरीत गाडी गेल्यावर त्या वास्तूंस वाली उरला नाही. आज परदेशी प्रवासी त्यांची चित्रे घेण्यास जातात, ती बहुधा स्वतःच्या मोटारीने.

आता दुसरा संच. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकास फोरार्लबेर्ग प्रांतात ब्रेगेन्झरवाल्ड नावाचे डोंगराळ खोरे आहे. तेथील सुतार व गवंडी यांची ख्याती जुनी. याच खोऱ्यातील आऊ गावी सतराव्या शतकात स्थापन झालेल्या बांधकाम कारागिरांच्या श्रेणीतून जे कसबी निघाले, त्यांनी दक्षिण जर्मनी व स्वित्झर्लंड येथील अनेक भव्य मठ व चर्चे उभारली. खोऱ्यात 1902 पासून सुमारे 35 किलोमीटर लांबीची अरुंद रुळांची आगगाडी चालत असे. ती 1980 मध्ये बंद पडली. तिचा एक लहानसा तुकडा आता केवळ हौसेखातर चालविला जातो. ज्या लोकांनी एकदा गाडी गमावली, त्यांस पुढे आलेल्या बसचे मोल शिकवावे लागले नाही, हा तर्क मी करतो, आणि तो अवास्तव नसावा.

या खोऱ्यातील क्रुम्बाख हे सुमारे हजार वस्तीचे गाव. तेथील एका सांस्कृतिक मंडळाने आपल्या थांब्यांची रचना जगातील नामांकित वास्तुकारांकडून करवून घेण्याचा घाट घातला. व्हिएन्नाच्या वास्तुकलाकेंद्राचे संचालक दीत्मार श्टाइनर यांनी निवडीचे काम अंगावर घेतले. गावाजवळ शुल्क देण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा वास्तुकारांस कळविण्यात आले की आपण आमच्या खोऱ्यात येऊन थोडे दिवस राहावे, हवापालट करावा, आणि त्या पाहुणचाराच्या मोबदल्यात आम्हांस एक थांबा रेखून द्यावा. नवल हे की सात ठिकाणांहून होकार आला. बांधकाम स्थानिक कारागिरांनी केले, खर्चाचा भार आसपासच्या लोकांनी व व्यावसायिकांनी उचलला, आणि 2014 मध्ये सातही थांबे प्रवाशांस खुले झाले.

त्यांतील काहींचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. चीनचे वांग शू व लू वेन्यू यांनी जुन्या पेटीकॅमेऱ्यासारखी लाकडी खोली केली. आत बसणाऱ्यास समोरच्या चौकटीतून डोंगर चित्रासारखा दिसतो. स्पेनच्या वास्तुकारांनी खोऱ्यात सुतार जशा फळ्या वाळत रचून ठेवतात, तशाच रंगरोगण न केलेल्या ओकच्या फळ्या एकावर एक रचून आडोसा उभारला. चिलीच्या स्मिल्यान रादिच यांनी काचेच्या भिंती घालून वर घरातल्या दिवाणखान्यासारखे काळ्या काँक्रीटचे चौकटीदार छत दिले, आत गावठी लाकडी खुर्च्या मांडल्या आणि एका बाजूस पाखरांसाठी घरटे लावले. नॉर्वेच्या जोडीचा थांबा टेनिसच्या पटांगणालगत आहे. त्याची एक बाजू प्रवाशास बसावयास, तर दुसरी वर चढून खेळ पाहावयास उपयोगी पडते. जपानच्या सोऊ फुजिमोतो यांनी तर पातळ पोलादी सळ्यांचे रान उभे केले, त्यातून एक जिना वर जातो, आणि डोक्यावर छप्पर मुळीच नाही. हा शेवटचा प्रकार पाहिला की पित्सुंदाची आठवण होते. गावाने मागितले म्हणून कलावंत विक्षिप्तपणा सोडतो, असे नाही.

या सातांत मॉस्कोचे अलेक्सांदर ब्रोद्स्की हेही होते. 1980 च्या दशकात सोव्हिएत भूमीत प्रत्यक्ष बांधावयास वाव नाही म्हणून ज्या तरुण वास्तुकारांनी आपली स्वप्ने केवळ कागदावर कोरली, त्यांचे हे अग्रणी. क्रुम्बाखमध्ये त्यांनी काय केले? चारही बाजूंस खिडक्या असलेला एक साधा लाकडी बुरूज, आत बाके व मेज, वर वाऱ्यास व पाखरांस मोकळा सोडलेला चिमुकला मजला. दोन अनोळखी माणसे समोरासमोर बसून बोलू लागतील एवढीच त्याची जागा. सोव्हिएत थांब्यांतील सारा अवखळपणा येथे उतरला आहे, आणि शिवाय थंडीत दार लोटून बसता येते.

जपानातील नागासाकी प्रांतात कोनागाई येथे 1990 च्या प्रवासप्रदर्शनाच्या निमित्ताने कलिंगड, स्ट्रॉबेरी, टोमॅटो अशा फळांच्या आकाराचे थांबे केले. सिंड्रेलाच्या भोपळ्याच्या रथावरून ही कल्पना सुचली म्हणतात. मुलांस ते फार आवडतात, यापलीकडे त्यांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. ब्राझीलच्या कुरितिबा नगराची गोष्ट वेगळी. तेथे जैमे लेर्नर या वास्तुकार नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत 1991 मध्ये काचेच्या नळीसारखे थांबे आले. भाडे आत शिरतानाच द्यावयाचे आणि गाडीच्या तळाच्या पातळीवरून सरळ आत चालत जावयाचे, त्यामुळे गाडीचा खोळंबा वाचला. डौल आणि उपयोग यांचा एवढा मेळ इतरत्र क्वचित आढळेल.

हे वाचून आपल्या वाचकांस स्वतःच्या गावचा फाटा आठवला असेल. 1 जून 1948 रोजी पुणे आणि अहमदनगर या शहरांदरम्यान राज्याच्या परिवहनसेवेची पहिली गाडी धावली, आणि पुढे रस्ता तेथे एस. टी. ही घोषणा घरोघर झाली. या एस. टी.स लोकांनी जो आधार दिला, तो वास्तूच्या रूपाने फारसा दिला नाही. मुक्कामाची गाडी गावात आली की चालक व वाहक यांच्या निजण्याची सोय चावडीत वा देवळात होई, कोणाच्या तरी घरून भाकरी जाई, आणि पहाटेच्या गाडीची वेळ साऱ्या गावास तोंडपाठ असे. क्रुम्बाखच्या पाहुणचारात आणि या पाहुणचारात मला जातीचा फरक दिसत नाही. 2021-22 च्या दीर्घ संपात गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा या आधाराचे मोल कळले. माझ्या वर्गातील मागचे तीन बाक तेव्हा रिकामे असत, आणि त्यांत मुलींच्या जागा अधिक होत्या. खेड्यातील मुलींस शाळेसाठी एस. टी.चा मोफत पास ज्या योजनेखाली मिळतो, तिला अहिल्याबाईंचेच नाव आहे.

निवारे मात्र आपल्याकडेही आहेत. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी लोकप्रतिनिधीच्या निधीतून बांधलेले असे ते फाट्याफाट्यावर दिसतात. कित्येकांत सरपण रचलेले असते, कित्येकांच्या बाकावर शेळ्या बसलेल्या असतात, आणि प्रवासी समोरच्या चहाच्या टपरीत किंवा लिंबाखाली उभे असतात, कारण येणारी गाडी तेथून दिसते, निवाऱ्यातून दिसत नाही. बांधणाऱ्याने एकदा त्या जागी बसून रस्त्याकडे पाहिले असते, तर भिंत कोणत्या बाजूस घालावी हे त्यास आपोआप कळले असते. दर्शनी भागावर दात्याचे नाव हातभर अक्षरांत असते; त्याच रंगाने, त्याच भिंतीवर, गाड्यांच्या वेळा लिहिलेला निवारा मी या जिल्ह्यात आजवर दोनच ठिकाणी पाहिला आहे.