तीन वर्षे आणि एक झाड

१३ फेब्रुवारी २००१ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एका शाळकरी प्रेमाच्या व्हिडिओ गेमबद्दल निकाल दिला. गेमचे नाव 'तोकिमेकी मेमोरियल'. बाजारात एक मेमरी कार्ड आले होते. ते लावले की नायकाचे सगळे गुण पहिल्या दिवसापासून वरच्या टोकाला जाऊन बसत. त्यातल्या काही नोंदी तर खेळणाऱ्याला थेट शेवटच्या दिवसांत नेऊन सोडत. निर्माती कंपनी कोनामी कार्ड विकणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात गेली, ओसाकाच्या जिल्हा न्यायालयात हरली, तिथल्याच उच्च न्यायालयात जिंकली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कार्डामुळे नायकाचे व्यक्तिमत्त्व बदलते, कथा आखलेल्या मर्यादेबाहेर जाते, म्हणून कृती अखंड राहण्याच्या कर्त्याच्या हक्काला बाधा येते, असे न्यायालय म्हणाले.

कुणी काही चोरले नव्हते. वाट पाहणे तेवढे वगळले होते.

पहिला भाग मे १९९४मध्ये पीसी इंजिन या यंत्रावर आला. किरामेकी हायस्कूलमधली तीन वर्षे. दर आठवड्याला ठरवायचे की विज्ञानाचा अभ्यास करायचा, चित्रे काढायची, व्यायाम करायचा की विश्रांती घ्यायची. एक आकडा वाढला की दुसरा घसरतो. टक्केवारीवर वाढलेल्या भारतीय वाचकाला हे फार परके वाटू नये! शेजारी राहणारी बालमैत्रीण शिओरी फुजिसाकी सुरुवातीला सोबत घरी चालत जायलाही नकार देते. चार लोक काय म्हणतील, अशी तिची अडचण. तिच्या अपेक्षेपर्यंत पोहोचण्यात सगळी तीन वर्षे खर्ची पडतात. त्यात इतर मुलींकडे फार काळ दुर्लक्ष झाले तर त्यांच्या मनात एक बॉम्ब तयार होतो. तो फुटला की सगळ्याच मुलींमध्ये नायकाचे नाव खराब होते. म्हणजे एकीवर जीव जडला तरी बाकीच्यांना सांभाळावे लागतेच. माझ्या मते या मालिकेतली सर्वांत खरी गोष्ट हा बॉम्बच आहे.

इतके करून शेवटी नायक काही बोलतच नाही. निरोपाच्या दिवशी बाकाच्या खणात चिठ्ठी सापडते, तो शाळेतल्या दंतकथेच्या झाडाखाली जातो आणि मुलगी मनातले सांगते. चिठ्ठी नसेल तर तीन वर्षे संपली.

नोव्हेंबर १९९९चा दुसरा भाग पाच डिस्कवर होता. झाडाच्या जागी घंटा आली, आणि हिकारी हिनोमोतोसोबतचे बालपणही प्रत्यक्ष खेळायला मिळाले. मोठी नवलाई आवाजाची होती. खेळणाऱ्याने स्वतःचे नाव द्यायचे, आणि यंत्राने जुळवलेल्या आवाजात मुली त्याला त्या नावाने हाक मारत. ती हाक तुटक वाटे, तरी नाव आपले असे. मुख्य भागांत मला हाच सर्वांत भरीव वाटतो.

तिसरा डिसेंबर २००१चा. त्याच्यासाठी सर्वसामान्य गुंतवणूकदारांकडून फंड उभारला होता. म्हणजे चाहते अक्षरशः भागीदार झाले. सपाट चित्रांऐवजी त्रिमितीय आकृत्या आल्या आणि बालमैत्रीण गेली. चेहरे हलू लागले, पण ज्या ओढीने पहिल्या दोन भागांत तीन वर्षे काढावीशी वाटत, ती पातळ झाली. खपानेही निराशा केली.

त्याच फंडातून दुसरा एक खेळ आला, 'गर्ल्स साइड', जून २००२मध्ये. इथे खेळणारी मुलगी आहे, शाळा हाबाताकी. झाडाऐवजी चर्च. पहिल्या भागात मुलींची माहिती वर्गमित्र योशिओ पुरवतो; इथे मुलांची माहिती धाकटा भाऊ देतो. हा बदल लहान दिसतो, पण त्याने घराचे दार उघडते. मित्राशी बोलताना नायकाला थोडीतरी मर्दुमकी मिरवावी लागते. भावापुढे बहिणीला तसे काही मिरवायचे नसते. बाकी तेच आकडे, तेच बॉम्ब.

आणि शेवटी बोलतो मुलगा. पहिल्या खेळात मुलगी बोलत होती, म्हणून अनेकांना तो मुलींना धीट करणारा वाटला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की वेगळेच दिसते. कुणी बोलायचे हे मुलगा-मुलगी पाहून ठरलेले नाही. जो खेळतो, त्याने गप्प राहायचे, एवढाच नियम आहे. ज्याला तीन वर्षे सगळे ठरवता आले, त्याला शेवटचे एक वाक्य मात्र ठरवता येत नाही. मेमरी कार्डाने नेमका हाच तोल बिघडवला होता: ठरवण्याचे कष्ट नाहीत, मग गप्प उभे राहण्याला वजन कुठले?

२००९मध्ये चौथा भाग किरामेकीत, त्याच झाडाखाली परतला. त्यानंतर मुलांच्या बाजूचा पाचवा भाग आला नाही. मुलींच्या बाजूचा चौथा भाग मात्र ऑक्टोबर २०२१मध्ये आला. शाळा पुन्हा हाबाताकी, आणि वर्षे तीनच.