चीनमधील पहिलटकरीण आणि अंगावरचे दूध

१/ सन २००८. सानलू या चिनी कंपनीच्या दूधभुकटीत मेलामाइन हे रसायन आढळले. सुमारे ३ लाख अर्भके आजारी पडली. अधिकृत नोंदीनुसार ६ दगावली. यानंतर चिनी माता वरच्या दुधाकडे पाठ फिरवतील असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही. कारणांचा मागोवा घेणारा हा धागा.

२/ पहिले सहा महिने पाण्याचा थेंबही न देता केवळ आईचे दूध, म्हणजे निव्वळ स्तनपान. चीनमधील राष्ट्रीय सर्वेक्षणात त्याचे प्रमाण २००८ मध्ये २७.६ टक्के होते. २०१३ मध्ये ते २०.८ टक्क्यांवर घसरले. लोकांनी भुकटी सोडली नाही, परदेशी भुकटी धरली. मागणी इतकी वाढली की मार्च २०१३ पासून हाँगकाँगने सीमेबाहेर दोनच डबे नेण्याचे बंधन घातले.

३/ मग भीतीहून प्रबळ असे काय होते? प्रथम कामाची जागा पाहू. १९५१ च्या श्रम विमा नियमांनी कामगार स्त्रीला बाळंतपणाची ५६ दिवसांची रजा दिली. रजा तुटपुंजी होती. परंतु मोठ्या सरकारी कारखान्यांतून पाळणाघरे आणि स्तनपानाच्या खोल्या असत. पाळीच्या मधल्या वेळेत आई बाळाला पाजून येई.

४/ रजा पुढे वाढली: १९८८ मध्ये ९० दिवस, २०१२ मध्ये ९८. स्तनपानासाठी रोज एक तासाची सवलतही आहे. मात्र १९९० च्या दशकातील आर्थिक सुधारणांच्या ओघात कारखान्यांची बहुतेक पाळणाघरे बंद झाली. बाळ तासाभराच्या अंतरावर असेल, तर त्या तासाचा उपयोग काय?

५/ आता घर. आपल्याकडील सव्वा महिन्यासारखी चीनमध्ये ‘झुओ युएझी’, म्हणजे ‘महिना बसण्याची’ प्रथा आहे. दूध यावे म्हणून बाळंतिणीला डुकराच्या पायांचे सूप देतात. हीच वडीलधारी मंडळी बाळ रडले की ‘दूध पुरत नाही’ म्हणून डबा उघडतात, पाणी पाजतात. दूध पुरत नसल्याची शंका हे वरचे दूध सुरू करण्याचे तेथील एक प्रमुख कारण आहे.

६/ एक अपत्य धोरणाच्या काळात (सुमारे १९८० ते २०१५) शहरातील बहुतेक पहिलटकरणींना दुसरे बाळंतपण नव्हतेच. पहिल्या खेपेची चूक दुसऱ्या खेपेस सुधारण्याची संधी नाही. आणि एकुलत्या बाळाच्या वजनावर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नजर.

७/ बाजारही स्वस्थ नव्हता. १९९५ मध्ये चीनने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीवर निर्बंध आणले. २०१७ मध्ये ते नियमच रद्द झाले. २०२० पर्यंत ५० टक्क्यांचे सरकारी उद्दिष्ट होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रमाण २९.२ टक्के निघाले.

८/ आईला दोष देणे सोपे असते. पण भुकटीची दहशत तिला अंगावर पाजायला लावू शकली नाही, कारण अडचण भुकटीवरील विश्वासाची नव्हतीच. जवळ असलेले बाळ, दूध पुरेसे आहे असे सांगणारे जाणते माणूस आणि पुरेशी रजा, या तीन गोष्टींची ती अडचण होती. यांपैकी एकही गोष्ट पहिलटकरणीच्या एकटीच्या हाती नसते.

(धागा समाप्त)