रक्ताच्या थेंबाची साक्ष

१/ सन १८८०. सिंधूकाठचे लष्करी ठाणे डेरा इस्माईल खान. तेथील घोडे आणि उंट खंगून मरत होते. थांबून थांबून येणारा ताप, पांढुरके पडलेले डोळे, पायांवर व पोटाखाली सूज. स्थानिक लोक या रोगाला ‘सुर्रा’ म्हणत. मराठीत तो ‘सर्रा’.

२/ चौकशीचे काम वेल्श पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांच्याकडे आले. आजारी घोड्याच्या रक्ताचा ताजा थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे सूक्ष्म जीव त्यांना दिसले.

३/ थेंब ताजा असणे महत्त्वाचे होते. रक्त वाळले की वळवळ थांबते आणि न रंगवलेला जीव सहज नजरेतून निसटतो. शिवाय त्याची संख्या रक्तात सतत कमीजास्त होते. आज सापडलेला जीव उद्या सापडेलच असे नाही. म्हणूनच एका नमुन्यात काही न दिसणे हा जनावर निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही.

४/ तज्ज्ञांनी मात्र शंका घेतली. १८७८ मध्ये टिमोथी लुईस यांनी कलकत्त्यात धडधाकट उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते. मग ते रोगाचे कारण कसे? इव्हान्स यांनी रोगी रक्त निरोगी जनावरांना टोचले, तेव्हा त्यांच्याही रक्तात तेच जीव आढळले. तरीही निष्कर्ष मान्य झाला नाही. कॉख यांचा क्षयजंतूचा शोध अजून दोन वर्षे दूर होता.

५/ १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांच्या रक्तात जॉन हेन्री स्टील यांना तोच जीव दिसला. त्याचे वर्गीकरण त्यांनी चुकवले, पण नाव दिले इव्हान्स यांचेच. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले; त्याचे पहिले प्राचार्य हेच स्टील.

६/ आजही पशुवैद्य कानाच्या शिरेतून थेंब घेतो, काचपट्टीवर पातळ पसरतो, माश्यांपासून जपत वाळवतो, मिथेनॉलने स्थिर करून गिम्सा रंग देतो. पट्टीवर जनावराचा क्रमांक आणि तारीख हवीच. ओळख नसलेली साक्ष निरुपयोगी.

७/ हा जीव आज ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ म्हणून ओळखला जातो. सस्तन जनावरांत रोग निर्माण करणारा हा पहिला ज्ञात ट्रिपॅनोसोम. इव्हान्स शंभर वर्षे जगले (१८३५–१९३५). उतारवयात त्यांना मिळालेल्या सन्मानांपैकी एक पदक स्टील यांच्या स्मृतीचे होते.