63 अक्षरांचं घराणं

‘एसनेट-प्रॉड-सेंट्रलइंडिया-002’. क्लाउडवर नेटवर्क सांभाळणाऱ्याला हे नाव एका नजरेत कळतं: सबनेट आहे, प्रॉडक्शनचा आहे, मायक्रोसॉफ्ट अझ्युरच्या पुणे केंद्रातला आहे आणि त्याच्या जातीतला दुसरा आहे. (अझ्युरच्या नकाशात पुणे म्हणजे ‘सेंट्रल इंडिया’. भूगोलाच्या मास्तरांना खटकेल. पुणेकरांची तक्रार ऐकिवात नाही.) नव्याने रुजू झालेल्याला वाटतं, हे सगळं कंपनीतल्या कुणा शिस्तखोर आर्किटेक्टच्या डोक्यातून निघालं. घटकांचा क्रम त्याने ठरवला असेलही. पण हायफन, मोकळ्या जागेला बंदी, हा ऐवज वडिलोपार्जित आहे.

मूळ पुरुष शोधत इंटरनेटच्या पूर्वजापर्यंत, म्हणजे अर्पानेटपर्यंत गेलं, की दोन बायका भेटतात. पहिल्या पेगी कार्प. 1971 साली त्यांनी आरएफसी 226 हे टिपण काढलं. तेव्हा अर्पानेटवरच्या ठिकठिकाणच्या मंडळींनी इतर यंत्रांना आपापल्या सोयीची नावं ठेवली होती. इथलं नाव तिथे चालेलच असं नव्हतं. सगळ्यांनी एकच यादी पाळावी, असं कार्प यांनी सुचवलं. पुढे यादीचा कारभार कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राकडे आला. ते केंद्र चालवत होत्या एलिझाबेथ ‘जेक’ फाइनलर. नवं यंत्र जोडायचं तर त्यांच्याकडे कळवायचं, मग ‘होस्ट्स.टीएक्सटी’ या फायलीत एक ओळ वाढायची आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची.

नियम 1985 च्या आरएफसी 952 मध्ये नीट मांडलेले सापडतात. त्याच्या तीन लेखकांत फाइनलरही आहेत. 24 पर्यंत चिन्हं, इंग्रजी अक्षरं, अंक आणि वजाचं चिन्ह. टिंब फक्त भाग वेगळे करायला. मोकळी जागा नाही. सुरुवात अक्षरानेच, शेवट वजाच्या चिन्हाने नको. अंडरस्कोर यादीतच नाही. आज गूगल क्लाउडवर नेटवर्कला अंकाने सुरू होणारं किंवा हायफनवर संपणारं नाव देऊन पाहा, ते नाकारलं जाईल. गंमत म्हणजे अंकाने सुरुवात करायची मुभा 1989 सालीच आरएफसी 1123 ने देऊन टाकली होती. गूगलने मात्र त्याआधीचं सोवळं पाळलं.

24 चे 63 कसे झाले, तो भाग मला सगळ्यात आवडतो. यादी हाताने सांभाळणं अशक्य व्हायला लागलं, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 साली डीएनएसची, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, रचना मांडली. तिच्यात नावाच्या प्रत्येक तुकड्याआधी एक बाइट येतो आणि पुढे किती अक्षरं आहेत ते सांगतो. बाइटमध्ये आठ बिट. त्यातले वरचे दोन मोकापेट्रिस यांनी राखून ठेवले. ते दोन्ही 1 असले तर ‘हे नाव आधी येऊन गेलंय, तिकडे बघा’ असा अर्थ, म्हणजे जागेची बचत. उरले सहा बिट, आणि सहा बिटांत मोठ्यात मोठा आकडा 63. गूगल क्लाउडच्या नेटवर्कच्या नावाला आजही 63 ची मर्यादा आहे, ती या काटकसरीतून. विंडोज यंत्राच्या नावाची 15 ची मर्यादा दुसऱ्या घराण्याची, नेटबायॉसची: तिथे नावाला 16 बाइट आणि शेवटचा सेवेच्या प्रकारासाठी राखीव. अझ्युर सबनेटला 80 चिन्हं देतं, अंडरस्कोरही चालवतं. तरी लोक हायफनच टाकतात.

नाव कसं लिहायचं ते ठरलं, काय ठेवायचं हा वाद राहिला. 1990 साली डॉन लिब्स यांनी आरएफसी 1178 मध्ये त्यावर सल्ला दिला. त्यात एका यंत्राचा किस्सा आहे. अपडेट फक्त त्यावरच होत, म्हणून नाव ठेवलं ‘अप’. मग ‘अप डाउन आहे का?’ असले संवाद सुरू झाले. लिब्स यांचा कल एखादा विषय घेऊन नावं ठेवण्याकडे होता: रंग, मूलद्रव्यं, पुराणातली स्थळं.

क्लाउडने ही हौस संपवली. यंत्रं पाळीव प्राण्यांसारखी नावानिशी जपू नका, गुरांसारखी क्रमांकाने मोजा, ही उपमा त्या धंद्यात 2012 च्या सुमारास रूढ झाली. आपल्याकडे ती लंगडी पडते; सर्जा-राजा ही गुरांचीच नावं. ॲमेझॉनने 2009 मध्ये व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं खासगी नेटवर्क, आणली तेव्हा खरी ओळख यंत्राने दिलेला आकडा-अक्षरांचा क्रमांक ठरली. ‘नेम’ हा नुसता टॅग. दोन व्हीपीसींना एकच असला तरी तक्रार नाही. अझ्युरमध्ये उलट. तिथे नाव हाच ओळखीचा भाग, आणि व्हर्च्युअल नेटवर्कचं नाव बदलायचं तर ते पाडून पुन्हा बांधावं लागतं. व्हीपीएन गेटवेच्या सबनेटचं नाव तर ‘गेटवेसबनेट’च असावं लागतं, मग तुमचं धोरण काहीही असो.

म्हणून नावात बदलणारं काही घालू नका. टीमचं नाव, प्रोजेक्टचं लाडकं नाव, साहेबांची आद्याक्षरं, सगळं बाहेर. प्रोजेक्टचं नाव यंत्राला देऊ नका, हे लिब्स यांनी 1990 मध्येच लिहिलं होतं. अझ्युर काय, ॲमेझॉन काय, एका रिसोर्सला 50 टॅग लावू देतात. ती माहिती तिथे लिहा.