नेमका तोच पदार्थ

रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात पदार्थ बनवायला शिकवतात. तो विकत कुठे मिळतो हे शोधायला फारसं कुणी शिकवत नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला लागलेल्या विद्यार्थ्याची या प्रश्नाशी गाठ पडते ती थेट मागणीपत्रक भरताना. मग शेजारच्या टेबलावरचा सीनियर जे नाव सांगेल तेच लिहिलं जातं. हे बदलावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. विक्रीला असलेल्या रसायनांचा शोध हा रसायनशास्त्राचाच भाग आहे आणि त्याची सुरुवात पदार्थाच्या ओळखीपासून होते.

मोरचुदाचंच उदाहरण घ्या. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तो हा निळा खडा. रसायनांच्या एखाद्या माहिती-भांडारात त्याचं ‘कॉपर सल्फेट’ हे नाव एवढंच टाकलं तर निदान दोन पदार्थ समोर येतात. एक निळा, पाण्याचे पाच रेणू धरून बसलेला पेंटाहायड्रेट. दुसरी निर्जल पांढरट भुकटी. पहिल्याचा रेणुभार २४९.७, दुसऱ्याचा १५९.६. कृतीत १६ ग्रॅम निर्जल क्षार सांगितलेला असताना तेवढ्याच वजनाचे निळे खडे विरघळवले, तर द्रावणात तांबं सुमारे ३६ टक्क्यांनी कमी पडतं. द्रावण मात्र निळंच दिसतं, त्यामुळे चूक डोळ्यांना कळत नाही.

हा गोंधळ टाळायला सीएएस क्रमांक आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने १९६५ मध्ये ही नोंदवही सुरू केली. निर्जल क्षाराचा क्रमांक ७७५८-९८-७, पेंटाहायड्रेटचा ७७५८-९९-८. शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. तो सोडून बाकीच्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३ असं गुणत जायचं आणि बेरीज करायची. पेंटाहायड्रेटसाठी ९, १८, २४, २०, ३५ आणि ४२ मिळून १४८ होतात. एकम स्थानी ८, म्हणजे क्रमांक बरोबर उतरवलाय. मागणीपत्रकावर सही करण्याआधी हा हिशेब अर्ध्या मिनिटात होतो. प्रत्येक प्रयोगशाळेत त्याची सवय लागायला हवी.

पण क्रमांकावरून रेणूची रचना कळत नाही. ती संगणकाला सांगण्यासाठी डेव्हिड वाइनिंगर यांनी १९८८ मध्ये स्माइल्स ही लेखनपद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात एथेनॉल म्हणजे फक्त ‘सीसीओ’: दोन कार्बन, एक ऑक्सिजन, हायड्रोजन गृहीत. पुढे आयुपॅकच्या छत्राखाली इंची ही पद्धत आली आणि तिच्यापासून काढलेली २७ चिन्हांची इंची-की. या कीची पहिली १४ अक्षरं अणूंच्या जोडणीची असतात. अवकाशीय मांडणी त्यापुढच्या भागात येते. म्हणून केवळ पहिल्या १४ अक्षरांनी शोध घेतला की डावा, उजवा आणि दोन्हींचं मिश्रण असे सगळे एकदम हाती लागतात. थॅलिडोमाइडसारखा रेणू मागवताना यातला नेमका कोणता हवा, हे आधी ठरवावं लागतं.

रचनेनं शोधता येऊ लागल्यावर प्रश्न विचारायच्या तऱ्हाही वाढल्या. अमुक वलय ज्यांच्या पोटात आहे ते सगळे दाखव, असं म्हणता येतं. याच्यासारखे दिसणारे दाखव, असंही म्हणता येतं. सारखेपणाचा आकडा मात्र संगणकानं रेणूचं वर्णन कसं केलंय त्यावर ठरतो. त्यावर डोळे मिटून विसंबू नये.

बाटलीवरचं लेबल आणि आतला पदार्थ एकच असेल, याचीही हमी नसते. बोसुटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या बाबतीत हे घडलं. २०१२ च्या सुमारास लक्षात आलं की एकाहून अधिक विक्रेते संशोधनासाठी बोसुटिनिब म्हणून जे देत होते, तो त्याचा समघटक होता. एका वलयावरचे क्लोरीन आणि मेथॉक्सी गट भलत्या जागी बसलेले होते. रेणुसूत्र तेच, वस्तुमान तेच. वस्तुमान वर्णपटाला हा फरक एरवी दिसत नाही, एनएमआरला दिसतो. त्या पदार्थावर केलेल्या प्रयोगांचा अर्थ पुन्हा तपासावा लागला. म्हणून या पुस्तकात पुरवठादाराचं विश्लेषण प्रमाणपत्र वाचण्यावर एक सबंध प्रकरण आहे. ते कुणी गाळू नये, अशी कळकळीची विनंती.

‘उपलब्ध’ म्हणजे काय, हेही गेल्या वीस वर्षांत पार बदललं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन अर्विन आणि ब्रायन शॉइकेट यांनी २००५ मध्ये विक्रेत्यांच्या सूच्या एकत्र करून झिंक हे मोफत भांडार प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यात ७,२७,८४२ रेणू होते. आज तिथली मोजणी अब्जांत होते. यातले बहुतेक रेणू कुठल्याच फडताळावर नाहीत. ठाऊक असलेल्या अभिक्रिया आणि हाताशी असलेले घटक जोडून मागणीनुसार ते बनवून देता येतील, एवढंच विक्रेता सांगतो. कीव्हच्या एनामिनसारख्या कंपन्या हे काम करतात. २०१९ मध्ये अशा १७ कोटी रेणूंच्या यादीतून संगणकावर निवड झाली. डोपामाइनच्या डी-४ ग्राहीसाठी ५४९ रेणू प्रत्यक्ष बनवून तपासले गेले आणि त्यांतला एक १८० पिकोमोलर इतक्या अल्प प्रमाणात परिणामकारक ठरला. शोध घेणाऱ्यानं ‘साठ्यात आहे’ आणि ‘बनवून देऊ’ या दोन नोंदी मात्र वेगळ्याच वाचाव्यात. दुसऱ्या नोंदीत काही आठवडे जातात आणि प्रत्येक वेळी रेणू बनतोच असंही नाही.

मुंबईच्या वडगादीतल्या व्यापाऱ्याकडे जे मिळतं, एलआर की एआर कोणत्या प्रतीचं मिळतं, ते जाणणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि त्या ज्ञानाचं मोल मला मोठं वाटतं. ते या भांडारांशी जोडायची वेळ आता आली आहे. पबकेम २००४ पासून सर्वांना खुलं आहे आणि पुष्कळ पदार्थांच्या पानावर विक्रेत्यांची यादी असते. गडचिरोलीच्या किंवा कणकवलीच्या महाविद्यालयातला विद्यार्थी तीच यादी पाहतो, जी मोठ्या औषधकंपनीतला शास्त्रज्ञ पाहतो. पहिल्या प्रकरणातले सगळे सराव म्हणूनच पबकेम आणि झिंक यांवर बेतले आहेत. त्यांना वर्गणी लागत नाही. वही-पेन्सिल मात्र जवळ ठेवा, कारण पहिली रचना हातानंच काढायची आहे.