सशाची नवजात पिल्ले

सशाची नवजात पिल्ले म्हणजे पाळीव सशाची (शास्त्रीय नाव: ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) जन्मापासून घरट्याबाहेर पडेपर्यंतच्या, म्हणजे साधारणपणे पहिल्या तीन आठवड्यांच्या अवस्थेतील पिल्ले होत. जन्मतः ती केसविरहित असतात. त्यांचे डोळे व कान बंद असतात. शरीराचे तापमान स्वबळावर टिकवून धरण्याची क्षमता या काळात अपुरी असल्यामुळे त्यांचे जगणे प्रामुख्याने घरट्याची ऊब आणि मादीचे दूध या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

जन्म व शारीरिक स्थिती

सशाच्या मादीचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. एका विणीत बहुधा ४ ते १२ पिल्ले जन्मतात. मध्यम आकाराच्या जातींत पिल्लाचे वजन सुमारे ५० ग्रॅम भरते. विणीतील संख्या जितकी अधिक, तितके प्रत्येक पिल्लाचे वजन सामान्यतः कमी असते.

लहान शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे असते, म्हणून उघड्या त्वचेतून उष्णता झपाट्याने बाहेर पडते. नवजात पिल्लू थंडीत प्रौढ प्राण्याप्रमाणे थरथरून उष्णता निर्माण करीत नाही. त्याच्या मानेभोवती व खांद्यांच्या हाडांमधील भागात तपकिरी मेदाचा साठा असतो आणि त्याच्या ज्वलनातून त्याला ऊब मिळते. हा साठा मर्यादित असतो व तो टिकण्यासाठी दुधाची गरज असते. यामुळे थंडी आणि उपासमार ही पिल्लांच्या मृत्यूची परस्परांशी जोडलेली कारणे ठरतात. गारठलेले पिल्लू स्तनाग्र शोधू शकत नाही आणि उपाशी पिल्लू आणखी गारठते.

घरटे

रानटी अवस्थेत मादी पिल्लांसाठी वेगळे लहान बीळ खणते व दूध पाजून झाल्यावर त्याचे तोंड मातीने बंद करते. विण्याची वेळ जवळ आली की संप्रेरकांतील बदलांमुळे ती गवत गोळा करते आणि आपल्या छाती-पोटावरील केस उपटून घरट्यात अंथरते. या केसांमुळे घरट्यात ऊब राहते व स्तनाग्रेही उघडी पडतात.

पिल्ले केसांखाली एकमेकांना चिकटून पडून राहतात. त्यामुळे प्रत्येकाच्या शरीराचा उघडा भाग कमी होतो व ऊर्जेची बचत होते. कडेचे पिल्लू सतत मध्याकडे सरकण्याचा प्रयत्न करीत असल्याने ही रचना बदलत राहते. एकच पिल्लू असलेल्या विणीत असा आधार नसल्याने त्याला थंडीचा धोका अधिक असतो.

स्तनपान

मादी घरट्यात बसून पिल्लांना ऊब देत नाही. ती दिवसातून बहुधा एकदाच, रात्री किंवा पहाटे, केवळ ३ ते ५ मिनिटे दूध पाजते. तिचा वावर कमी राहिल्याने भक्षकांचे लक्ष घरट्याकडे वेधले जात नाही. या सवयीमुळे मादीने पिल्ले टाकली, असा गैरसमज अनेकदा होतो. पोट गोल व त्वचा ताठ असल्यास पिल्लू दूध प्यालेले असते. पोट खपाटीस गेले असून त्वचेवर सुरकुत्या असल्यास ते उपाशी समजावे.

मादी येण्याची वेळ झाली की पिल्ले आधीच जागी होऊन केसांच्या थरावर येतात. दूध पिऊन झाल्यावर ती लघवी करतात व पुन्हा केसांत शिरतात. रॉबिन हडसन व हान्स डिस्टेल यांनी १९८२ मध्ये पिल्लांच्या या वर्तनक्रमाचे वर्णन केले. पिल्ले स्तनाग्र वासावरून शोधतात. दुधातील ज्या गंधद्रव्यामुळे हे घडते, ते बेनुआ शाल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ओळखले.

वाढीचे टप्पे

* पहिला आठवडा: अंगावर बारीक लव येते; वजन जन्माच्या सुमारे दुप्पट होते.
* १० ते १२ दिवस: डोळे उघडतात.
* १५ ते २१ दिवस: पिल्ले घरट्याबाहेर येऊ लागतात व घन आहार चाखू लागतात.
* ४ ते ६ आठवडे: दूध तोडले जाते.

पालनातील काळजी

पाळीव सशांसाठी गर्भधारणेच्या साधारण २८व्या दिवशी पिंजऱ्यात लाकडी पेटी ठेवतात. तीत स्वच्छ, कोरडा पेंढा किंवा मऊ गवत घालतात. पेटीच्या तळाला लघवीचा निचरा होण्यासाठी भोके असतात व प्रवेशाची कड उंच ठेवतात. मादी उठताना स्तनाग्राला चिकटलेले पिल्लू बाहेर पडू शकते, आणि मांजर वा कुत्रा यांच्याप्रमाणे ती त्याला तोंडात धरून परत आणत नाही.

पेटीची पाहणी रोज एकदा केली जाते. मृत पिल्ले व ओला पेंढा काढून टाकला जातो, मात्र कोरडे केस पुन्हा पिल्लांवर पसरतात. माणसाळलेली मादी केवळ हात लागल्याने सहसा पिल्ले टाकत नाही.

गारठलेले पिल्लू तळहातात धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून हळूहळू उबवतात. ऊब येण्यापूर्वी त्याला दूध पाजणे घातक ठरू शकते. पाजताना पिल्लाला उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते. मादी मेल्यास किंवा तिला दूध नसल्यास, दोन-तीन दिवसांच्या फरकाने व्यालेल्या दुसऱ्या मादीकडे पिल्ले सोपवणे हा कृत्रिम दुधापेक्षा चांगला पर्याय मानला जातो.

अतिउष्णताही तितकीच अपायकारक असते. विदर्भ व मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी पिल्ले एकमेकांपासून दूर पसरून पडतात व त्यांची त्वचा लालसर दिसते. तेव्हा घरट्यातील केसांचा थर कमी करणे, पेटी सावलीत ठेवणे व हवा खेळती राखणे आवश्यक असते.

आजार

ओल्या व अस्वच्छ घरट्यात त्वचेचे तसेच डोळ्यांचे जिवाणूजन्य संसर्ग होतात. दहाव्या-बाराव्या दिवसानंतरही डोळे चिकटलेले राहिल्यास संसर्गाची शंका घेऊन पशुवैद्यकाला दाखवावे लागते. मादीला स्तनदाह झाल्यास स्तन कडक व गरम लागतात आणि दुखऱ्या स्तनांमुळे ती दूध पाजण्याचे टाळते. परिणामी सर्व पिल्ले एकाच वेळी अशक्त होऊ शकतात. दूध तुटण्याच्या सुमारास कॉक्सिडिया या परजीवीमुळे होणारी हगवण हे मृत्यूचे महत्त्वाचे कारण असते.

रानसशाच्या पिल्लांशी तुलना

महाराष्ट्रातील शेतांत व माळरानांवर आढळणारा रानससा (लेपस नायग्रिकॉलिस) हा पाळीव सशाहून वेगळ्या प्रजातीचा आहे. त्याची पिल्ले बिळात जन्मत नाहीत. जन्मतःच त्यांच्या अंगावर केस असतात व डोळे उघडे असतात. शेतात निपचित बसलेले असे पिल्लू बहुधा पोरके नसते, म्हणून ते उचलून आणणे त्याच्या हिताचे नसते. हा प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे.

हे सुद्धा पहा

* ससा
* रानससा
* सस्तन प्राणी